न सोडलेला सोमवार

आमच्याकडे शारजात श्रावण लागला की तो आधी सुपरमार्केटात दिसतो. दाराशीच साबुदाण्याच्या पिशव्यांचा ढीग, शेजारी वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचं पीठ, आणि फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुड्यांना लागून प्लॅस्टिकच्या डबीत बेलाची पानं. मुंबईहून विमानाने आलेली. बाहेर म्हणाल तर आकाशात ढगाचा ठिपका नाही, पारा शेहेचाळीसवर. अल मजाजच्या आमच्या खिडकीतून लगूनचं पाणी दिसतं, या दिवसांत त्यावर धुरकट वाफ तरंगत असते. एसीने आत गारठा, म्हणून काचेला घाम सुटतो तो बाहेरून. असा आमचा श्रावण. पहिल्या वर्षी मला त्याचं हसू आलं होतं. मग आवडायला लागला. बाहेर काही का असेना, आपण म्हटलं श्रावण की श्रावण, असं वाटायचं.

परवा त्या बेलाच्या डबीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. हात पुढे होईना. मागे एक बाई ट्रॉली घेऊन खोळंबली होती, म्हणाली, "आंटी, लेना है क्या?" मी बाजूला झाले. कांदे घेतले, बटाटे घेतले आणि घरी आले.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण असा मध्येच आडवा येतो. तो मुक्ताचा श्रावण.

मुक्ता माझी नात, निखिलची मुलगी. निखिल जेबेल अलीला मालाची ने-आण करणाऱ्या एका कंपनीत आहे, सून प्राची इन्शुरन्समध्ये. हे गेल्यानंतर चिपळूणचं घर बंद करून मी इथे आले तेव्हा मुक्ता दुसरीत होती. त्या वर्षी तिच्या वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस दुबईच्या त्या मॉलमध्ये होता, जिथे छपराखाली बर्फाचा डोंगर करून ठेवलाय. बाकीची पोरं तासाभरात नाक पुसत बाहेर आली. ही येईना. भाड्याचा निळा कोट गुडघ्यापर्यंत लोंबतोय, गाल लाल झालेत, आणि मान वर करून बघतेय ती डोंगराच्या टोकाकडे. प्राची काचेबाहेरून हातवारे करत होती. "यल्ला मुक्ता, खलास, केक कापायचाय." केक कापून खाऊन झाला तरी ही आतच. आमच्या घराण्यात बर्फ म्हणजे मासळीवरचा. त्यावर कुणी उभं राहील आणि उतरायलाच नको म्हणेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

स्की म्हणजे पायाला बांधायच्या लांब पट्ट्या, आणि स्की जंपिंग म्हणजे त्या बांधून उतारावरून सुटायचं आणि उताराचं टोक संपलं की हवेत जायचं. जो जास्त लांब जाऊन नीट उतरेल तो जिंकला. मॉलमध्ये एवढं मोठं काही नव्हतं, एका कडेला बुटका उंचवटा होता, तोही मॉल उघडायच्या आधी पोरांना वापरू द्यायचे. खरे डोंगर युरोपात. उन्हाळ्यात तिथे गवताळ उतारावर प्लॅस्टिकची जाड चटई अंथरतात, वर पाणी मारतात, आणि पोरं त्यावरून घसरतात. तेराव्या वर्षी मुक्ता तिथे कॅम्पला गेली, बरोबर निखिल. त्याने पाठवलेला व्हिडिओ मी इतकेदा पाहिलाय की डोळे मिटले तरी सुरू होतो.

ते सुंदर होतं. सुंदर नव्हतं असं म्हणून मला हे लिहिणं सोपं करून घ्यायचं नाही. उंचावर एका आडव्या दांड्यावर ती बसलेली, एवढीशी. दांडा सोडते, वाकून खाली येते, येते, आणि टोकाशी आली की उभी न राहता पुढेच झुकते. नाक पट्ट्यांच्या टोकांकडे, हात अंगाशी. आपण ती पडायची वाट बघतो आणि ती पडत नाही. हवेला टेकते. खाली कुठे गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजतायत, निखिलचा श्वास ऐकू येतोय, आणि माझी नात त्या हिरव्यावरून अशी चाललीय की समोरून तिला कुणी हाक मारलीय आणि ती ओ देत निघालीय.

इथे राहून माणसाला एक सवय लागते बघा. जे नाही ते आणायचं. बर्फ नाही, आणा. गवत नाही, गुंडाळी आणून अंथरा. बेल नाही, विमानात घाला. आणि आणलं की आपलंच होतं अशी खात्री. मुक्ताच्या उडीचंही तसंच झालं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका मला विचारायच्या, "काय हो, नात ऑलिम्पिकला कधी?" मी म्हणायची, "अहो, अजून दहावी व्हायचीय." पण मनात बसायचं ते. नाही म्हणू कशाला.

तिचा कोच युरोपातलाच, इथे नोकरीला आलेला. उंच, मऊ बोलणारा. वाईट माणूस नव्हता हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला त्याचा राग यायचा आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा चकल्या खाऊन मला म्हणाला, "शुक्रन, मामा." चिपळूणच्या बाईचे त्याने अरबीत आभार मानले. जेवू नकोस असं तो मुक्ताला कधीच म्हणाला नाही. हलकं ते लांब जातं, एवढंच म्हणायचा, पाणी उताराकडे जातं म्हणावं इतक्या सहज. त्यांच्या खेळात एक नियमही आहे. उंचीच्या मानाने वजन एका मर्यादेखाली गेलं तर पट्ट्या आखूड घ्याव्या लागतात, म्हणजे हवा कमी मिळते. पोरांनी स्वतःला उपाशी मारू नये म्हणून केलेला नियम.

"मग बरंय की," मी म्हटलं.

मुक्ता हसली. "आजी, यू जस्ट स्टे अ लिट्ल अबव्ह द लाइन."

मर्यादेच्या जराशी वर राहायचं, बस. कुणी शहाण्या माणसांनी एकत्र बसून कुंपण घातलं, आणि पोरी जाऊन त्या कुंपणालाच पाठ लावून उभ्या राहिल्या.

बर्फाशिवायचा सराव संध्याकाळी दुबईत अल क्वोजमधल्या एका गोदामात चालायचा. एका बाजूला टायरवाला, दुसरीकडे लाकूड कापायचं वर्कशॉप, मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये गाद्या अंथरलेल्या. मी एकदा गेले होते. मुक्ता एका ठोकळ्यावर उकिडवी बसली आणि तिने झेप घेतली ती सरळ कोचच्या अंगावर. त्याने कमरेला धरून तिला वरच्या वर झेलली आणि डोक्याच्या वर आडवी धरून ठेवली. ती ताठ, नजर पुढे, हात अंगाशी. हवेत कसं राहायचं ते शरीराला शिकवायची ही त्यांची पद्धत. खाली ठेवताना तो म्हणाला, "गुड. लाइट टुडे." पोरीचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं.

मग निखिलने ते घरी सुरू केलं. ऑफिसातून आला की सोफा भिंतीला सरकवायचा आणि पूजेचा चौरंग हॉलच्या मध्ये आणायचा.

"अरे, त्यावर सत्यनारायण बसतो."

"वर्षातून एकदा, आई. बाकी दिवस रिकामाच असतो की."

आणि बाप लेकीला झेलायचा. लहानपणी पोरं उडवतो आपण, तसंच, फक्त आता पोरगी त्याच्या खांद्याला लागलेली. टाय तसाच, बाह्या दुमडलेल्या, आणि डोक्यावर मुक्ता आडवी. "आज पिसासारखी आहे हं," तो म्हणायचा. ती वरच्या वर हसायची. घरात वजनकाटा होता, बाथरूमच्या दाराआड. पण तिचा खरा काटा तिच्या बापाचे हात होते. ते काय म्हणतात यावर तिचा दुसरा दिवस ठरायचा.

सोळाव्या वर्षी ती एकदम वाढली. उंच झाली, अंग भरू लागलं, मुलींचं भरतं तसं. कोच काही बोलला नाही. फक्त खाली ठेवताना "लाइट" म्हणायचा तो म्हणेनासा झाला. सप्टेंबरात युरोपात स्पर्धा होती. तिथे नीट अंतर पडलं तर एका मोठ्या अकादमीत तिला घेणार होते, शाळा, राहणं, सराव सगळं तिकडेच. म्हणून त्या सुट्टीत चिपळूणला जायचं रद्द झालं. अख्खी बिल्डिंग गावी गेलेली, लिफ्टमध्ये कुणी भेटेना, खाली पार्किंगमध्ये गाड्यांवर धूळ बसलेली. आणि श्रावण लागला.

पहिल्या सोमवारी मी पिंडीवर दूध घालत होते. मुक्ता मागे येऊन उभी राहिली.

"आजी, कॅन आय डू इट टू? द फास्ट?"

मी वळून बघितलं. केस ओले, अंगावर बर्फाच्या क्लबचा टीशर्ट. मराठी महिन्यांची नावं सलग न येणारी पोर. मला काय झालं असेल सांगा. प्राचीने ते हात जोडलेलं ध्यान फोनवर टिपलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. चिपळूणहून वन्संचा निरोप आला, "दुबईत राहून संस्कार टिकवलेत हो." गावाकडच्यांना शारजाही दुबईच.

सोमवार झाला, मग शनिवार धरला. मग कुणी तरी सांगितलं म्हणून गुरुवार. एकादशी होतीच, संकष्टी होती. साबुदाण्याची खिचडी नको म्हणाली, तेलकट. एक उकडलेलं रताळं आणि वाटीभर ताक. "कडक करते हो," मी फोनवर सांगायची, आणि हे सांगताना माझा आवाज जरा मोठा व्हायचा.

सोमवार संध्याकाळी सोडायचा असतो. दिवेलागणीला ताटं मांडायची, वरणभात, वर तूप, काही तरी गोड. दिवसभराच्या रिकाम्या पोटात तो पहिला ऊन घास उतरतो तेव्हा उपासाचा अर्थ कळतो, मी तर म्हणेन त्या घासासाठीच उपास करायचा. पण तिचा सराव नेमका त्याच वेळी. "डब्यात द्या, गाडीत खाईन." मी डबा भरून द्यायची, तुपाची वेगळी डबी. डबा लख्ख रिकामा परत यायचा. तो गोदामाच्या वॉचमनच्या पोटात जात होता. हे कळलं फार नंतर, तिचं सामान आणायला गेलेल्या निखिलजवळ त्याने माझ्या वरणाची स्तुती केली तेव्हा.

आणखी एक. हे लिहावं की नाही असं दोनदा मनात आलं, पण आम्ही बायका जे लिहीत नाही त्यातच सगळं असतं. महिन्याची अडचण तिला त्या श्रावणात आलीच नाही. एकही सोमवार बुडाला नाही. मंगळागौरीची पत्री तिने निवडली, फुलवाती तिने केल्या. प्राची म्हणाली, "किती बरं ना आई, देवानेच सांभाळून घेतलं." मी मान हलवली. आमच्या वेळी चार बायकांच्या घरात कुणाची तारीख टळली की दुसऱ्या दिवशी सासूच्या कानावर असायचं. इथे एका छपराखाली तिघी, त्यात एक अर्धं आयुष्य इन्शुरन्सचे कागद तपासणारी, एक पाच बाळंतपणं पाहिलेली. आणि आम्हाला काय वाटलं तर कृपा झाली.

मंगळागौरीचा कार्यक्रम दुबईत एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. नऊवाऱ्या, नथी, एसी इतका की बायका पदर कानाभोवती घेऊन फुगड्या घालत होत्या. मुक्ताला मध्ये उभी करून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खेळात अशी आणि शिवाय उपासतापास. सुलभाताई म्हणून आहेत, मंडळाचं सगळं त्याच बघतात. त्यांनी तिच्या कमरेला हात लावून बघितला.

"ही बघा कंबर. नाहीतर आमची कन्या, दिवसरात्र बर्गर." कन्या शेजारीच बसली होती. "काय खातेस गं मुक्ता, आम्हालाही सांग."

"काही नाही," मुक्ता म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. पोरगी भर हॉलमध्ये, शुद्ध मराठीत खरं बोलली आणि तीस बायकांना तो विनोद वाटला. तिच्या ताटातली पुरणपोळी तिने इतकी बारीक बारीक कुस्करली होती की खाल्ल्यासारखी दिसत होती.

ओळखलं ते जैतूनभाभींनी. आमच्याच मजल्यावर राहतात, दाभोळच्या. यजमानांचा दुबईत देरामध्ये सुक्या मेव्याचा धंदा. रमजानात त्यांच्याकडून आमच्याकडे ताट येतं, गणपतीत आमच्याकडून मोदक जातात, आणि एरवी आम्ही दोघी कोकणातल्या पावसाच्या आणि मासळीच्या गोष्टी करत बसतो. त्या श्रावणात एका सोमवारी संध्याकाळी त्या आल्या तेव्हा मुक्ता पिशवी खांद्याला लावून निघत होती. भाभींनी तिला दारापर्यंत नजरेने पोचवलं.

"पोरीचा उपास हाय, वैनी?"

"हो, सोमवार ना."

"परवा मी आलेले तेव्हा पण हुता."

"तो शनिवारचा."

भाभी चहाचा कप बशीत फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचा रोजा मगरिबच्या बांगेला सुटतो. खजूर तोंडात पडला की पोरांची तोंडं कशी होतात ती तू बघितलंस. तुझ्या नातीचा उपास सुटताना मी येक दिस बघितला नाय. जो सुटत नाय तो उपास कसला गो?"

मला ते लागलं. आमच्या श्रावणातलं यांना काय ठाऊक, असंही वाटून गेलं. पण त्या गेल्यावर मी मांडलेल्या ताटाकडे बघत बसले, आणि निखिल आला तसं त्याला सांगितलं. तो बूट काढत होता.

"आई, स्पर्धा होऊन जाऊ दे. एकदा अकादमीत लागली की तिकडे डाएटिशियन असतो, सगळं असतं. इन्शाल्ला, खाईल मग."

"मग म्हणजे कधी?"

"आता तोडलं तर ती मला आयुष्यभर बोलेल."

थोड्या वेळाने मुक्ता आली. सोफा सरकला, चौरंग मध्ये आला, बापाने लेक झेलली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. "पिसासारखी" म्हणाला नाही तो त्या दिवशी. पण त्याच्या हातांना कळलं होतं, मी आई आहे त्याची, मला दिसलं. उचलताना माणूस जेवढा जोर लावतो तेवढा त्याने लावला आणि ती त्याच्या अंदाजापेक्षा वर गेली. क्षणभर त्याचा तोल गेला. ती वरून म्हणाली, "लाइट?" आणि तो म्हणाला, "व्हेरी लाइट."

त्या "व्हेरी"वर मी अजून अडकलेली आहे.

सप्टेंबरात दोघं गेली. मी घरी गणपतीचं डेकोरेशन कापत होते तेव्हा फोन आला. निखिलचा आवाज लांबून आल्यासारखा.

"पडली का रे?"

"नाही. पडली नाही. नीट उतरली, आई. आजवरचं सगळ्यात लांब अंतर. लोक टाळ्या वाजवत होते."

"मग?"

"उतरताना पाय मोडला."

एक पाय पुढे, एक मागे, हात पसरून, जसं शिकवलं तसं ती उतरली होती. कुठे धडकली नाही, घसरली नाही. फक्त टेकली. आणि टेकल्याबरोबर नडगीचं हाड मोडलं. रागावायला मला एखादा दगड तरी हवा होता, वाईट हवा, कुणाची चूक. काही नव्हतं. पोरगी जमिनीला लागली एवढंच झालं होतं.

शारजाला आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. मल्याळी, माझ्या प्राचीच्या वयाच्या, चष्मा कपाळावर ढकललेला. हाडांचा फोटो बघत विचारलं, "लास्ट पीरियड कब आया था?" मुक्ताने प्राचीकडे बघितलं. प्राचीने माझ्याकडे.

"खाती क्या है?"

प्राची सवयीने म्हणून गेली, "डॉक्टर, वो व्रत रखती है."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि प्राचीला सोडून मुक्तालाच विचारलं, "किसके लिए?"

"डिस्टन्स," मुक्ता म्हणाली.

तिच्या आवाजात लाज नव्हती. इतके दिवस कुणी तरी सरळ विचारेल म्हणून ती थांबली असावी असं वाटलं. बाईंनी मग माझ्याकडे बोट केलं, तुमच्या सासूबाईंची हाडं आणि हिची हाडं सारखीच आहेत म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या घरात कॅल्शियमच्या गोळ्यांची एकच बाटली असते. सकाळी मी एक घेते आणि तिला एक देते.

अकादमीचं पत्र आलं नाही. कोचचे निरोप आधी रोज, मग आठवड्याने, मग नुसती वाढदिवसाची फुलं, फोनवरची. पुढल्या वर्षी मॉलमध्ये काही कामाला गेले होते तेव्हा मी काचेपाशी थांबले. तिथे ओळीने खाण्याची दुकानं आहेत, माणसं चीजमध्ये पाव बुडवत बर्फाकडे बघत बसतात. पलीकडे तो उभा होता, आणि त्याच्यासमोर एक नवीन पोरगी, वेणी घातलेली, आठ-नऊ वर्षांची असेल. त्याने तिला झेललं, उतरवलं आणि काही तरी म्हणाला. काच जाड, ऐकू आलं नाही. पोरीचा चेहरा तेवढा दिसला. मी तिची आई कुठे दिसते का ते शोधलं. सापडली असती तर काय बोलले असते कोण जाणे.

मंडळातल्या बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. सुलभाताईंनी तर ती कशी काढायची तेही समजावून सांगितलं. तीस बायकांनी डोळ्यांदेखत पाहिलं ते कुणाला दिसलं नाही, जे दिसत नाही ते मात्र सगळ्यांना दिसलं. आणि वर्षभराने मुक्ता जरा माणसात आली, गालांवर मांस आलं, तेव्हा त्याच म्हणाल्या, "छान भरलीस हो आता." प्रेमानेच म्हणाल्या. पुढचे चार दिवस ती जेवायला बसली की मला तिचा हात ताटाच्या काठावर थांबलेला दिसायचा.

जैतूनभाभी एका शब्दाने "मी म्हटलं नव्हतं" असं म्हणाल्या नाहीत. खजूर आणून देतात. मऊ, काळे, एकेक कागदात गुंडाळलेले. मुक्ता त्यांच्यासमोर दोन खाते.

आता ती एकोणीस वर्षांची आहे, इथेच कॉलेजात जाते. पाय जुळला. थंडीत दुखतो म्हणते, म्हणजे एसीच्या थंडीत. निखिल तिला कॉलेजात सोडतो, आणतो, सिनेमाला नेतो. पण घरात ती शेजारून गेली तरी तो हात खिशात घालतो. प्राचीने खाण्यापिण्याचा विषयच काढायचा नाही असं ठरवलंय, त्यामुळे आमच्या घरात जेवताना हवामानाबद्दल फार बोलणं होतं. रोज शेहेचाळीस, त्यावर किती बोलणार.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की घरात कुणीच उपाशी राहायचं नाही, सगळ्यांनी तिच्याबरोबर जेवायचं. तेव्हापासून श्रावणी सोमवारी भर दुपारी मी वरणभात खाते. सासू गेल्या त्या वर्षीही माझा सोमवार मोडला नव्हता. पिंडीला मी एवढंच सांगितलं की तुझं आणि माझं नंतर बघू. तरी पहिला घास देवघराकडे पाठ करून घेते. सत्तरीत नवीन सवय लावून घेणं सोपं नाही, आणि राग कुणावर काढावा तेही कळत नाही. देवावर काढावा तर त्याने कधी मागितला होता उपास?

काल या श्रावणातला पहिला सोमवार होता. मुक्ताच्या फोनमध्ये जेवणाच्या वेळा लावलेल्या आहेत. फोन वाजला, ती खोलीतून आली, बसली. मी भात वाढला, वरण घातलं, तूप घातलं. ती खाऊ लागली, एका लयीत, ताटाच्या डाव्या बाजूकडून उजवीकडे. किती दिवस जे विचारायचं होतं ते मी विचारून टाकलं.

"मुक्ता, तेव्हा तुला भूक लागायची ना गं?"

"लागायची."

"मग?"

तिने घास संपवला. पाणी प्यायली. एरवी माझ्याशीही इंग्रजीत बोलणारी ती, काल मराठीत बोलली, शब्द शोधत शोधत.

"आजी, भूक लागली की मला कळायचं, मी जाणार. लांब. सकाळी उठले की पोट रिकामं, आणि वाटायचं, आज जाणार." पेला खाली ठेवला. "आता मी जेवते. रोज जेवते. कुठे जाते?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, चुकलं माझं. किंवा म्हणेल, तुम्ही मला थांबवलं का नाहीत. त्या दोन्हींची उत्तरं मी तीन वर्षं तयार करून ठेवली होती. मी भाताचा डाव उचलला आणि आणखी थोडा वाढला, कारण मला तेवढंच येतं. तिने नको म्हटलं नाही. खाल्ला. मग फोनकडे बघून जेवण झाल्याची खूण केली आणि ताट उचललं.

"पोट भरलं का गं?" मी विचारलं.

"भरलं असेल," ती म्हणाली, आणि ताट विसळायला गेली.